पान एकशे बारा

जिनमती उगारे पहिल्यांदा दुकानात आली
तेव्हा पानाला बारा रुपये भाव होता.
तिनं घासाघीस करून दहावर आणला
आणि एकेक पान तीनतीनदा बदलायला लावून
वीस रुपयांचं काम करून घेतलं.

विषय होता हरिपूरची पेवं.
मी म्हणालो, हल्ली कशाचंही पेव फुटतं.
ती हसली नाही. म्हणाली,
"तुम्ही पेव बघितलंय कधी?"
जन्म सांगलीतला माझा,
हरिपूरच्या रस्त्याला चिंचा पाडलेल्या,
संगमावर भेळ खाल्लेली,
पेव काही बघितलं नव्हतं.

रविवारी स्कूटीवर मागं बसवून नेलं तिनं.
बाभळीपलीकडं एक खळगा, कडेला काचा,
कुणाची तरी एका पायाची चप्पल.
"हे तीस फूट खोल होतं," ती म्हणाली,
"पाचच्या पुरात पाणी शिरलं."
मला खळगाच दिसला.
तिला तोंडावरचं लिंपण दिसत होतं,
आत उसाच्या पाल्याचा थर,
कीड न लागता वर्षानुवर्षं झोपलेली हळद.
वाकून ती माप घेत होती
शिंप्याकडनं आणलेल्या टेपनं.

पेवात उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं
तिनं वहीत जसंच्या तसं उतरवलेलं.
आणि मी, शुद्धलेखनात पैकीच्या पैकीवाला,
टाइप करता करता सुधारत गेलो.
पानीचं पाणी. न्हाईचं नाही.
वाटलं, परीक्षकांपुढं जाणारे कागद,
जरा भांग पाडून गेलेले बरे.

प्रूफ बघून केवढी भांडली!
"दादा, सत्याप्पा कधी 'विझला' म्हणाला नाही.
'इझला' म्हणाला. तेरा वेळा म्हणाला.
तुम्ही त्याच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवलीत."
मी म्हणालो, बाई, लोक म्हणतील टायपिस्ट अडाणी.
"म्हणू देत. दहा रुपयांत तेवढं बसतं."

मग ते राहिलं.
तिची तासिका तत्त्वावरची नोकरी,
मग दिवाळी अंकासाठी एक कथा,
मग मिरजेचं हॉस्पिटल.
एकोणतीस हे काय वय असतं का,
असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.
दुसरं काय म्हणतात, मला माहीत नव्हतं.

दीड महिन्यानं तिचे वडील आले.
मार्केट यार्डात तोलाईला असतात.
नखांत हळद, ती कधी जात नसणार.
"कितीचं बिल ऱ्हायलंय पोरीचं?"
तीनशे चाळीस. त्यांनी मोजून दिले. मी घेतले.
घेतले नसते तर पुढचं विचारलंच नसतं त्यांनी.
"झालं असंल तेवढं छापून द्या."
मी म्हणालो, उद्या या.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
'विझला' शोधलं. तेरा ठिकाणं.
एका झटक्यात बदलता येतात सगळी,
तसं केलं नाही.
एकेक उघडलं. वि काढला. इ घातला.

पान एकशे बारा, ओळ चौथी:
"पेवाचं त्वांड उघडून दिसभर ठिवायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा. इझला,
तर मानूस उतरायचं न्हाई.
आत काय नसतंय वो, नुसतं वारं धरल्यालं असतंय."

वहीत त्याखाली पेन्सिलीनं तिची टीप,
माझ्याकडून टाइप करायची राहून गेलेली:
सत्याप्पाचा भाऊ एकदा कंदिलाआधी उतरला.
विचारायचं आहे.

कुणाला, ते लिहिलेलं नाही.

टीप टाइप केली.
'विचारायचं आहे' होतं तसं ठेवलं,
पूर्णविरामसुद्धा तिचाच.

सकाळी ते आले. गठ्ठा उघडला नाही,
सवयीनं तळहातावर तोलला,
थोडा वर, थोडा खाली.
"सव्वा किलो भरतंय," म्हणाले.